दुपारी दोनची प्रत

माझ्या बायकोचं एक पुस्तक व्हायचं राहून गेलं. डिस्क विजेच्या चढउतारानं गेली आणि चार वर्षांचं काम त्यात गेलं, असं मी तेव्हा सगळ्यांना सांगितलं. तिलाही तेच सांगितलं. डिस्क गेली नव्हती. हे मी बारा वर्षं कुणाकडे बोललो नाही.

नोकरी विम्यातली, त्यामुळे बदल्या ठरलेल्या. अकोल्याहून जयपूरला आलो तेव्हा मुलगी पाचवीत होती. विद्याधर नगरात वरचा मजला भाड्यानं घेतला. बायकोनं अकोल्याला शाळेतली चित्रकलेची नोकरी सोडली होती. सोडली म्हणजे मी बदली घेतली म्हणून सुटली. तो विषय मी कधी काढला नाही.

पहिल्या हिवाळ्यात शेजारणीबरोबर ती चादरी घ्यायला बगरूला गेली, जयपूरजवळचं कापडछपाईचं गाव. तिथे एका कापड छापणाऱ्याच्या अंगणात रंगाच्या भट्टीखाली जुने, झिजलेले लाकडी ठसे सरपण म्हणून घालत होते. हिनं एक ठसा काढून घेतला, पदरानं पुसला, आणि म्हणाली, जाळण्याआधी मला फोटो तरी काढू द्या. घरचा म्हातारा हसला आणि त्यानं तिच्यापुढे पोतंच उपडं केलं. तेव्हापासून आठवड्यातून दोनदा बस पकडून बगरू. प्रत्येक ठशाचा फोटो आणि खाली मराठीत नोंद: बुट्टीचं, म्हणजे त्या नक्षीचं, नाव काय, कुणी कोरली, कुठल्या बायकांच्या घागऱ्यांवर जायची. चिठोऱ्यांवर लिहून आणायची आणि संध्याकाळी टाईप करायची. टाईप झाले की चिठोरे फाडायची, कारण घरात कागद साठलेला मला चालत नसे. चार वर्षांत सहाशेच्या वर ठसे झाले. त्यातले निम्मे तरी तोवर जळून गेले होते. पुण्याच्या एका प्रकाशकाशी तिचा पत्रव्यवहारही सुरू झाला होता.

२००७च्या सुमाराला आमच्या घरात तीन कॉम्प्युटर झाले. माझा, तिचा आणि मुलीचा. कुणाचं काय कुठे आहे याचा पत्ता नसे. मी ऑफिसात तपासणीचं काम करायचो. शाखेत जायचं, मूळ रजिस्टर आणि त्याची प्रत शेजारी ठेवायची, आणि दोन्हींत एका ओळीचा फरक दिसला की लाल पेन काढायचं. घरीही तसंच करायचं ठरवलं. एक जुना कॉम्प्युटर होता, त्यात मोठी डिस्क बसवली, बाथरूमच्या झरोक्यातून वायर फिरवल्या आणि तिन्ही मशीन त्याला जोडली. रोज दुपारी दोन वाजता तिघांकडच्या सगळ्याची प्रत आपोआप त्या जुन्या डब्यात उतरायची. सकाळी वीज जायची, म्हणून दोन.

मुलगी म्हणाली, "बाबा, मतलब आता माझी गाणीपण तुमच्या ऑडिटला येणार?"

बायको मात्र आपलं काम सीडीवर उतरवून ठेवत असे. दर महिन्याला एक, वर मार्करनं तारीख. मी तिला म्हटलं, हा पसारा आता पुरे. ती म्हणाली, राहू द्या, तुमचा डबा तुमच्याजवळ, माझ्या सीड्या माझ्याजवळ. मी महिनाभर तिची थट्टा केली. पाहुण्यांसमोरही केली. शेवटी तिनं सीड्या करायचं सोडलं, आणि ज्या होत्या त्या मी कबुतरं येऊ नयेत म्हणून गच्चीत कूलरभोवती दोऱ्यानं टांगल्या. तिनं ते पाहिलं.

प्रत उतरवणाऱ्या त्या प्रोग्राममध्ये एक खूण करायची जागा होती. मूळ मशीनवर जे नाही ते प्रतीतूनही काढून टाकावं का? मी हो केलं. प्रतीत मुळापेक्षा जास्त काही असणं म्हणजे माझ्या लेखी चूकच. काढण्याआधी विचारावं का, असंही एक होतं. ते रोज विचारून डोकं खायचं म्हणून बंद केलं. संगणकाची जाण असलेल्या माणसानं ही खूण केली नसती. न जाणणाऱ्यानं त्या पानाला हातच लावला नसता. मी मधला, तपासणी अधिकारी.

जानेवारीतला रविवार होता. बायको आणि मुलगी मराठी मंडळाच्या हळदीकुंकवाला गेल्या होत्या. तिचा कॉम्प्युटर फार हळू चालायला लागला होता, म्हणून मी तो पुसून विंडोज नव्यानं टाकायला घेतलं. सगळं डब्यात आहेच, ही खात्री. दीडच्या सुमाराला काम झालं. तिच्या फोल्डरच्याच नावाचं रिकामं फोल्डर तयार केलं, डब्याला जोडलं, म्हटलं जेवून मग फोटो परत आणू. आमटी गरम करून घेतली. जेवलो. तेवढ्यात दोन वाजून गेले.

परत येऊन डबा उघडला तर तिच्या नावाचं फोल्डर तिथेही रिकामं. डब्यानं तिच्या मशीनकडे बघितलं, तिथे काही नव्हतं, म्हणून स्वतःकडचं पुसून ताळमेळ घातला. मी सांगितलं होतं तसंच केलं.

पहिल्यांदा मी गच्चीत गेलो. सीड्या काढून आणल्या. दोन उन्हाळ्यांत त्यांची चंदेरी साल निघून आली होती. एकही उघडली नाही. मग मी त्या परत जिथल्या तिथे टांगल्या, हे मुद्दाम लिहितो, कारण तेव्हाच मी काय करणार ते ठरलं होतं.

दोघी तिळगूळ घेऊन आल्या. मी दारातच सांगितलं की वीज वरखाली झाली आणि डिस्क उडाली, तुझा कॉम्प्युटर पुसून झाल्यावरच नेमकी. ती खुर्चीवर बसली. हातातलं वाण तसंच मांडीवर होतं. म्हणाली, "तुम्ही तरी काय करणार? जेवलात का?"

त्यानंतर ती मला कधी टाकून बोलली असती तर बरं झालं असतं.

दोन दिवसांनी ऑफिसातून परस्पर डब्यातली ती डिस्क घेऊन जयपुरातल्याच सोडाल्याला गेलो. तिथे एक पन्नाशीचा, जाड चष्म्याचा दुकानदार असलंच काम करायचा. त्यानं ती आपल्या मशीनला लावली आणि दहा मिनिटांत म्हणाला, "डिस्क को कुछ नहीं हुआ, साहब. किसी ने डिलीट किया है." मग त्यानं पडद्यावर काही फोटो काढून दाखवले. अर्धा ठसा, खाली नुसता राखाडी पट्टा. एक पूर्ण. पुन्हा दोन अर्धे. नावं सगळी गेलेली, आकडे फक्त. तो म्हणाला, बरंच निघेल, पण माझ्या ऑफिसचे कागद, मुलीची गाणी, सगळी खिचडी झालेली असेल. ज्यानं हे काम केलंय त्यानं समोर बसून निवडायला हवं. "भाभीजी को दो दिन भेज दीजिए. मैं चाय पिलाऊँगा, वो पहचानती जाएँगी. और तब तक इस पर कुछ लिखिएगा मत."

मी हो म्हटलं. डिस्क त्याच्याकडे ठेवा असं तो म्हणत होता, मी ठेवली नाही. ती तिथे बसली की पहिल्याच चहाला तो तिला सांगणार, डिस्क चांगली होती म्हणून. दुसरा दुकानदार शोधता आला असता. त्याला बाजूला घेऊन गप्प राहा म्हणता आलं असतं. घरी जाऊन दोन वाक्यं बोलता आली असती, तेही होतंच. मी डिस्क वर्तमानपत्रात गुंडाळून घरी आणली आणि माळ्यावर टाकली. एकदा मेली म्हटल्यावर ती मेलेलीच ठेवणं भाग होतं.

बायको त्या फाल्गुनात पुन्हा बगरूला गेली. म्हातारा वारला होता. मुलांनी उरलेले ठसे एका सजावटीच्या व्यापाऱ्याला दिले होते, हॉटेलांच्या भिंतींवर लावायला म्हणे. ती परत आली, कॅमेरा कपाटात ठेवला. प्रकाशकाचं पत्र आलं त्याला उत्तर काय लिहिलं ते मला माहीत नाही. कुणी मंडळात विचारलं तर तीच सांगायची, वीज हो इकडची, ह्यांनी बिचाऱ्यांनी किती खटपट केली. मी शेजारी बसून ऐकायचो.

पुढच्या वर्षी बदली झाली, नाशिकची. सामान आवरताना काय न्यायचं, काय टाकायचं हे आमच्याकडे मीच ठरवायचो. माळा रिकामा करताना तिच्या हाताला ती डिस्क लागली. वर्तमानपत्र सोडून तिनं बघितली. म्हणाली, "ही राहू द्या का? पुढेमागे काही निघालं तर."

"त्यातून काही निघत नाही," मी म्हटलं, आणि तिच्या हातातून घेऊन भंगारवाल्याच्या पोत्यात टाकली.

चुकून झालं ते दोन वाजता झालं. हे मी शुद्धीवर केलं.

गेल्या महिन्यात तिला सांगितलं. कारण विशेष काही नाही. मुलीनं फोनवर सांगितलं की तिनं आपले फोटो सगळे दोन ठिकाणी ठेवलेत, आणि फोन ठेवल्यावर बायको म्हणाली, बरं केलं, बाबांसारखं व्हायला नको. म्हणजे विजेबद्दल. मी तिथेच सगळं सांगितलं. खूण, रिकामं फोल्डर, सोडाला, पोतं. ती मटार सोलत होती. सोलणं थांबलं नाही.

मग तिनं एकच विचारलं. "तो मला बोलवत होता? दोन दिवस?"

"हो."

"आणि तुम्ही त्याच्या पडद्यावर बघितले ते फोटो."

"चारपाच. एक पूर्ण होता."

"कुठला?"

मला सांगता येईना. पान होतं, बाजूला ठिपके होते. चार वर्षं ती रोज रात्री जेवताना या ठशांबद्दल बोलत होती आणि मला लवंग-बुट्टीखेरीज एकही नाव येत नव्हतं. ती उठली, फोनजवळची पेन्सिल आणि पत्राचं एक जुनं पाकीट माझ्यापुढे ठेवलं. काढा, म्हणाली. मी काढलं. पान, मधली शीर, भोवती ठिपके. खोडलं, पुन्हा काढलं. तिनं चष्मा लावून पाकीट उजेडात धरलं, आडवं केलं, उलटं केलं. चित्रकलेच्या तासाला मुलांचे कागद बघत असेल तसं, न चिडता.

"असा ठसा नव्हता तिथे," ती म्हणाली, आणि पाकीट माझ्याकडे परत केलं.