यकृताचा रकाना

हे मी आजवर कुणाला सांगितलं नाही. बायकोलाही नाही.

हैदराबादच्या प्रयोगशाळेतला पहिला आठवडा. माझ्या मार्गदर्शक सरांनी सगळ्यांसमोर माझे हात उलटेपालटे करून पाहिले. कापूस वेचून ओरबाडलेले हात.

"बेला गावचा ना तू? गुरांतला माणूस. उंदीर तू सांभाळ. कापणारे हात तुझे. विचार करायला इथं दुसरी डोकी आहेत."

ती डोकी हसली. मीही हसलो.

ऐंशीचं दशक संपत होतं. काम कर्करोगाच्या औषधाचं. औषध चरबीच्या अतिसूक्ष्म पिशव्यांत कोंडायचं आणि बाकी शरीर सोडून थेट गाठीवर न्यायचं. मी उंदरांच्या शेपटीत सुई द्यायचो. मग कापून, कुठल्या अवयवात किती औषध गेलं ते मोजायचो. चहाला मला कुणी बोलवत नसे. अंगाला उंदरांचा वास येतो म्हणे.

दिवाळीला घरी गेलो. बाबांनी विचारलं, "आमी फवारा मारतो तं अळीसंगं मधमाश्याबी मरतात. तुहं औषध निस्तं अळीलेच लागते म्हंते?"

"हो बाबा."

खोटं. गाठीत थोडंच पोचत होतं. बहुतेक सगळं यकृतात. मीच मोजलं होतं. सरांना आकडे दाखवले तर म्हणाले, "यकृताचा रकाना काढून टाक. पदवी हवी ना?"

काढला. पदवी मिळाली. तिथंच नोकरीही. आकड्यांची कच्ची वही तेवढी फाडवली नाही.

मग आमच्याच भागातल्या नार्नूरची एक मुलगी आली. माझंच काम पुढं न्यायला, औषधाची मात्रा वाढवून. तिचे उंदीर पटापट मरायला लागले. सर भर बैठकीत म्हणाले, "जंगलातून उठून आलीस. हात धुवायला तरी शिकलीस का?"

सगळे हसले. मी खाली बघितलं.

ती उंदरांच्या खोलीत आली. "दादा, काय चुकून राह्यलं माझं?"

वाढवलेलं औषध कुठं साचून त्यांना मारतंय, ते मला माहीत होतं. यकृत. म्हणालो, "सुई सावकाश देत जा."

महिनाभर ती सुई सावकाश देत राहिली. मग शिक्षण सोडून गावी गेली. जाताना मला सांगायला आली होती. मी दार आतून लावून बसलो.

नव्वदचं दशक सरता सरता सरांनी एक कागद पुढं केला. तेच औषध माणसांना द्यायची परवानगी मागणारा. पहिले रोगी फुकटच्या वॉर्डातले, असं त्यात लिहिलं होतं. आमच्याकडून येणारी माणसं तिथंच तर पडून असतात. खाली माझ्या सहीची जागा.

"सही नाही करत."

"का?"

"औषध यकृतात जाऊन राह्यलं, सर."

"आता आठवलं? पदवी घेताना कुठं गेलं होतं यकृत?"

सही मात्र केली नाही. कागद अडला, नोकरी गेली. गावात लोक म्हणाले, बाणेदार माणूस. मी ते ऐकून घेतलं. पण नकाराचं कारण मी कुठंच लिहून दिलं नव्हतं. लिहिलं असतं तर पदवी गेली असती.

आता लिहितो आहे. वहीतला तो रकाना जसाच्या तसा विद्यापीठाला पाठवणार. पदवी काढून घेतली तर घ्यावी.

आणि नार्नूरला जायचं आहे. तिच्या दारात उभं राहून सांगायचं आहे, तुझे उंदीर का मेले ते मला ठाऊक होतं, तू विचारलंस तेव्हाही. हे सांगणं मी तिला अजून देणं लागतो.