पांढऱ्या साडीतली वेचणी

झरीच्या फाट्यावर माय मला सोडायला आली ती रानात जायच्या कपड्यांतच. साडीवरून बाबांचा जुना लांब बाह्यांचा शर्ट, डोक्याला फडकं. परभणीची एस.टी. दिसली तशी म्हणाली, "इचारत जा बाई. इचारल्याबिगर काई कळत न्हाई." त्या शर्टाला फवारणीच्या औषधाचा वास येत होता. मी नाक मुरडलं. आता तोच वास आठवला की मायला फोन लावते.

झरीत राहिलेल्यांनो आणि माझ्यासारखं बाहेर येऊन पोट भरणाऱ्यांनो, हे तुम्हालाच सांगते आहे. दुसऱ्या कुणाला त्या शर्टाचं काय पडलंय!

पुण्यात मी नीलिमाताईंच्या कपड्यांच्या दुकानात लागले. दुकान 'फेअर ट्रेड'चं. म्हटलं, असेल श्रीमंतांचं काहीतरी फॅड. प्रत्येक कुडत्याला टॅग आणि टॅगवर कापूस वेचणारीचा नाहीतर विणणाऱ्याचा फोटो. पण गिऱ्हाइकं खरंच विचारायची, "हे कुणी वेचलं? तिला रास्त मजुरी मिळते का?" मी थक्क. आपल्याकडं हे कुणी कधी विचारलं होतं, सांगा बरं! हळूहळू मलाच वेड लागलं. कुणी विचारो न विचारो, मी सांगत सुटायचे. नीलिमाताई हसायच्या, "अगं, त्यांना श्वास तरी घेऊ दे." माय मजुरीनं जाते हे मी कॉलेजात लपवायचे, आणि इथं काउंटरवर उभी राहून छाती फुगवून सांगायचे.

दिवाळीनंतर नवा माल आला. टॅगवर लिहिलेलं, बिनविषारी कापूस. वर फोटोत माझी माय. कापसाच्या पऱ्हाटीत उभी, हसत, अंगावर पांढरी साडी.

गिऱ्हाइकांना तो फोटो लय गोड वाटला. मी टॅग डोळ्यांजवळ नेऊन पुन्हा पाहिला. ती साडी मी पहिल्या पगारातून घेतलेली. जयंतीला आणि बुद्धपौर्णिमेला विहारात जाताना माय ती नेसते, एरवी पेटीत असते. तसली साडी नेसून कापूस वेचायला कोण जातं? काट्याकुट्यात चिंध्या होतील. शर्ट चढवल्याशिवाय आमच्यातली एक बाई रानात पाऊल टाकत नाही. आणि बिनविषारी म्हणे! माय जिथं मजुरीनं जाते, मालकाच्या त्याच रानात बाबा पाठीवर पंप घेऊन औषध फवारतात, हे अख्ख्या गावाला ठाऊक.

फोन लावला. माय म्हणाली, "मालकानं सांगितलं ठेवणीतलं नेसून या, तर नेसले." फवारलेल्या रानात वेचून तिचे डोळे झोंबायचे; कसे आहेत, विचारलं. "चुरचुरायलेत. पर तू तिथं काई इचारू नको. पाण्यात ऱ्हाऊन माशासंगं वैर करावं का?"

रक्त उसळत होतं, तरी शब्द दिला की तू हो म्हटल्याशिवाय तोंड उघडणार नाही. दुकानात तो टॅग मात्र मी हातात धरीना.

काही दिवसांनी तिचाच फोन आला. फवारता फवारता बाबांना भोवळ आली होती. मालकानं दवाखान्यात न नेता घरी आणून टाकलं. आता बरे होते, पण मायचा आवाज वेगळाच लागला. "सांग तुज्या बाईला," एवढंच म्हणाली.

मी सांगितलं. नीलिमाताईंनी तो सगळा माल काढून ठेवला आणि रान बघायला माणसं पाठवायचं ठरवलं. तेव्हापासून गाव कसं गुपचूप झालंय. वेचणीला जाताना शेजारणी मायला हाक मारत नाहीत. दोघं जण मोटारसायकलवर येऊन दारात थांबले, "तुमची पोरगी पुण्यात कुठं हाय?" एवढं विचारून गेले. बाबा दिवसासुद्धा कडी लावून बसतात.

उद्या माणसं रानात येणार. मीही त्यांच्याबरोबर निघाले आहे, बॅग दाराशी आहे. इतकी वर्षं घर म्हणजे सणाला जाऊन गोडधोड खायची जागा होती. आता घर म्हणजे त्या रानात एकटी उभी राहणारी माझी माय. भीती वाटते, लय वाटते. पण तिच्या शेजारी दुसरं कोण उभं राहणार?

आत्ताच तिचा फोन येऊन गेला. मालकाचा निरोप आलाय, उद्या पुन्हा ठेवणीतलं नेसून या.

"साडी पेटीतच ऱ्हाऊ दे," माय म्हणाली. "तुज्या बापाचा शर्ट घालून जानार हाय. भोवळ आली तवा अंगात व्हता त्योच. धुतला न्हाई."