कातळावरची कण्हेर

बायको माघात गेली आणि चैत्र लागेपर्यंत तिची अबोली वाळली. मी पाणी घालायचं विसरलो नव्हतो. ती असताना भांड्यांचं, तांदळाचं, आंघोळीचं सगळं पाणी मोरीतून परसात जायचं आणि त्यावरच झाडं जगायची. एकट्या माणसाचं ताट एक, तांब्या एक. त्यातून पाणी निघून निघून किती निघणार? आमचं घर सड्यावर, खाली सगळा जांभ्याचा कातळ. विहीर शिमगा झाला की तळ दाखवते.

मुंबईहून मुलाचा फोन आला. "बाबा, आता तिथे कोणासाठी राहायचं? इकडे या."

मी सरळ सांगितलं, "पावसात बिनपाण्याची झाडं लावतो. पुढच्या वैशाखात उभी असली तर इथेच राहीन. मेली तर येतो. पण जगली तर परत विचारू नकोस."

"झाडांवर कसली पैज लावता?" म्हणाला, पण कबूल झाला. ह्या घराला कुलूप लावणं माझ्याने होणार नव्हतं, दुसरं काही नाही.

कण्हेर आणली, कोरांटी आणली, रानातून करवंदीची रोपं उपटून आणली. माझा जन्म चिरेखाणीत गेलेला. खड्डेही चिरा काढल्यासारखेच खणले. चारी बाजू सरळ, तळ सपाट, कोपरे काटकोनात, गुण्या लावून बघावे असे. श्रावणात पानं पिवळी पडायला लागली.

शेजारची म्हातारी, बायकोची मैत्रीण, दगडी गडग्यावरून बघत होती. "भावोजी, ह्यो खड्डा हाय की टाकी? झाडांना पोहायला शिकवताव काय?"

"उन्हात टिकणारी झाडं आहेत ती."

"व्हय, टिकतील. आधी पावसात बुडली नाय तर."

मातीत हात घातला. खाली नुसता चिखल, मुळं काळी पडून वास मारत होती. कातळात एवढं नीट कापल्यावर पाणी जाणार कुठून?

मग पहार घेतली. ह्या वयात पहार वर जाते, पण खाली येताना माणसालाही घेऊन येते. उताराकडची बाजू फोडली, तळाला भेग लागेपर्यंत ठोकलं. मातीत जांभ्याची खडी मिसळली, उंचवटे केले आणि तगली होती ती रोपं त्यांवर लावली. पुरे करा, जेवायला या, असं म्हणणारं कोणी नव्हतं. त्यामुळे थांबायचं कधी ते कळायचं नाही.

दिवाळीनंतर अधूनमधून तांब्याभर पाणी दिलं. शिमग्यानंतर तेही बंद केलं.

वैशाखात मुलगा आला. करवंदी सगळ्या गेल्या होत्या. कोरांटीच्या नुसत्या काटक्या उभ्या होत्या. त्याने नखाने एकीची साल खरवडली. आत हिरवं निघालं. कण्हेरीवर फुलं होती.

"राहा मग," तो म्हणाला. "पण खूश तरी दिसा."

"दमलोय रे."

"आईला कण्हेर आवडायची?"

"नाही. माळता येत नाही, ढोरानं खाल्ली तर ढोर मरतं, म्हणून दारात येऊ द्यायची नाही. पण मी काय करू? जगली ती."

मुंबईला येता का, असं जाताना त्याने पुन्हा विचारलं नाही. एकदा विचारेल असं मला वाटलं होतं. त्याची गाडी वळणाआड गेल्यावर मी ओटीवर येऊन बसलो. घर राहिलं, मीही राहिलो. बरं वाटेल असं वाटलं होतं, तेवढं काही वाटलं नाही.