नऊनं भाग जातोच

आमच्या समोरच्या फ्लॅटमधले काका निवृत्त कारकून आहेत. मोठा आकडा दिसला की त्याची कुंडली मांडल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. गॅसचा ग्राहक क्रमांक असो की कुणाचा मोबाइल, डोळे मिटून अंकांची बेरीज करतात आणि "तीननं भाग जातो बरं का!" असं घरात पेढे वाटायचे असल्यासारखं सांगतात.

परवा द्वारका चौकात द्राक्षांच्या एका टेम्पोनं माझी स्कूटर उडवली आणि तो पळाला. नंबरप्लेट चिखलानं माखलेली होती, पण मागे मालकाचा मोबाइल नंबर रंगवलेला होता. तो वाचला फक्त कडेला उभ्या असलेल्या काकांनी. हवालदारानं वही उघडली.

"बोला काका, नंबर."

"अहो, काय नंबर होता! शून्य ते नऊ, दहाही अंक एकेकदाच. बेरीज पंचेचाळीस, म्हणजे नऊनं भाग जाणारच!"

"ते ठीक आहे, पण अंक कोणत्या क्रमानं?"

काकांनी त्याच्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. "क्रमाचा काय संबंध? कसेही लिहा, भाग जातोच."

टेम्पो काही सापडला नाही. आज प्लास्टरमधला पाय उशीवर ठेवून मी ते दहा अंक चार वेळा उलटसुलट करून नऊनं भागून पाहिले. मेला भाग जातोच.