टाचणीचा सराव

दादा जाऊन दहा महिने झाले. त्याची खोली आवरताना सगळ्यात जास्त निघाले ते मणक्याच्या दुखापतीवरचे शोधनिबंध. मी कॉलेजच्या ग्रंथालयात काम करते, त्यामुळे ते मला मिळत. छापून आणायचे आणि संध्याकाळी त्याला मराठीत समजावून सांगायचे, असा क्रम होता.

शहराबाहेर राऊ गावाच्या रस्त्यावर स्कूटर घसरली तेव्हापासून त्याला कमरेखाली हालचाल नव्हती. तीन वर्षांनी विजय नगरच्या एका इस्पितळात नव्या उपचाराचा अभ्यास सुरू होत असल्याचं कळलं. पाठीवर पट्ट्या चिकटवून मज्जारज्जूला सौम्य वीजप्रवाह द्यायचा आणि त्याच वेळी पायांचा व्यायाम करून घ्यायचा. अट अशी की दुखापतीच्या खाली थोडी तरी संवेदना शिल्लक हवी. ती टाचणीने तपासणार होते.

आमच्या घरात तीन पिढ्या मास्तरकी. दादा स्वतः गणित शिकवायचा. परीक्षा म्हटल्यावर तयारी आलीच. पंधरा दिवस रोज सकाळी तो डोळे मिटून पडे, मी मांडीपासून खाली टाचणी लावत जाई आणि विचारी, लागलं का? पहिले दोन-तीन दिवस तो गप्प राहिला. मग अधूनमधून हो म्हणू लागला. शेवटी एकही चुकेना. आम्हा दोघांनाही ते खरंच वाटलं.

इस्पितळात तपासणाऱ्या डॉक्टरबाई तरुण होत्या. दादा डोळे मिटून दर वेळी "हाँ" म्हणत होता. मी भिंतीपाशी उभी होते. मध्येच त्यांचा हात वरच थांबला.

"अब?"

"हाँ."

"सर, अभी तो मैंने छुआ ही नहीं।"

घरी मी एकदाही न टोचता विचारलं नव्हतं. उत्तर नसलेला प्रश्न विचारायची आमच्याकडे रीतच नाही. माझा प्रश्न आला की त्याचं हो येत होतं, आणि हे त्यालाही ठाऊक नव्हतं.

 दादा पहिल्यापासून पुन्हा घ्या म्हणाला. या वेळी प्रत्येक टाचणीला "नहीं" आलं. गुडघ्यापाशी बाई थांबल्या, इतकं पुरे म्हणाल्या.

"पूरा कीजिए, मैडम। आधा पेपर कोई नहीं जाँचता।"

त्यांनी तळव्यांपर्यंत तपासलं आणि फॉर्मवर शून्यं लिहिली. अभ्यासात त्याला घेतलं नाही.

परतताना गाडीत तो म्हणाला, "बाई, तुझा क्लास आता बंद कर. विद्यार्थी नापास."  सिग्नलला गाडी थांबली तेव्हा तो खिडकीबाहेर बघत म्हणाला, "पण पंधरा दिवस मला पाय होते, बरं का."

पुढच्या हिवाळ्यात छातीच्या संसर्गाने तो गेला. अभ्यास अजून चालू आहे, असं कळतं. त्यात तो नाही, आणि ते बरोबरच आहे.