श्री लिहून सुरू केलेला लॅपटॉप

शनिवारी स्टाफरूममध्ये मी छाती ठोकून "मी घेते" म्हणाले, ते रागाच्या भरात. अकरावीला प्रोग्रामिंग शिकवणारे सर कंपनीत नोकरी लागली म्हणून अचानक निघून गेले होते आणि आमच्या प्राचार्या अगदी शांतपणे म्हणाल्या, "मग विषयच बंद करू या. एकतीस मुलं आहेत, त्यांना दुसऱ्या विषयात टाकू." टाकू! मुलं म्हणजे काय मोडक्या खुर्च्या आहेत, या खोलीतून उचलून त्या खोलीत टाकायला? मी गणिताची शिक्षिका, मला कोणी विचारलंही नव्हतं. तरी माझा हात वर गेला.

"तुम्हाला येतं?" प्राचार्यांनी विचारलं.

"येतं."

"मग सोमवारी पहिल्या तासाला मुलांसमोर प्रोग्राम चालवून दाखवा. मी मागे बसेन. जमलं तर विषय तुमचा, नाहीतर बंद."

'येतं' हे अगदीच खोटं नव्हतं. वीसेक वर्षांपूर्वी मी मुलुंडच्या एका क्लासमध्ये सी भाषा शिकले होते. चपला बाहेर काढून एसीच्या खोलीत शिरायचं, निळ्या पडद्यावर प्रोग्राम लिहायचा, कळ दाबायची, उत्तर हजर. आपण लिहिलेलं यंत्राच्या भाषेत उतरवून देणारा कंपायलर नावाचा प्रकार असतो, हे मला तेव्हापासून पाठ होतं. तो स्वतःच्या हाताने बसवावा लागतो, हे मात्र रविवारी सकाळी घाटकोपरच्या आमच्या घरात कळलं. जन्मभर आयतं जेवलेल्या माणसाला गॅस पेटवायला सांगावं, तशी माझी गत झाली.

कंपायलर इंटरनेटवरून उतरवून घेतला, हुकूम टाइप करायची काळी खिडकी उघडली आणि त्याचं नाव टाइप केलं. असा कोणी इथे राहत नाही, अशा अर्थाचं उत्तर आलं. मी मालाडला धाकट्या भावाला फोन लावला. तो याच धंद्यातला.

"ताई, पाथ सेट केलास का?" तो पोहे खात बोलत होता.

"कसला पाथ?"

"अगं, कंपायलर कुठे ठेवलायस ते विंडोजला सांगायला नको? त्याला काय स्वप्न पडणार आहे?"

त्याने सांगितलं तसं केलं. तरी तेच उत्तर. परत फोन.

"खिडकी बंद करून नवीन उघडलीस?"

"नाही."

"मग उघड ना यार!"

उघडली, आणि कंपायलरने ओळख दिली. मला इतका आनंद झाला की मी फोन तसाच ठेवून दिला. मग एका ओळीचं उत्तर छापणारा चिमुकला प्रोग्राम लिहिला, कंपायलरला दिला आणि त्याने तो माझ्या तोंडावर फेकला. तात्पुरती फाइल उघडता येत नाही म्हणे. का येत नाही? ते तो सांगेना. मी सगळं काढून टाकून पुन्हा बसवलं. मग तिसऱ्यांदा बसवलं. अँटीव्हायरस बंद केला, चालू केला, त्यालाही दोन शब्द सुनावले. शेवटी भाऊ म्हणाला, "ताई, तुझ्या लॅपटॉपची वाट लागलीये. सरळ फॉरमॅट मार." या वेळी फोन मी रागाने ठेवला.

दुपारचे दोन वाजले होते. मासे आणायचे राहिले होते. आमच्या घरात रविवारी मासे नाहीत ही साधी गोष्ट नव्हे, पण कोणी बोललं नाही, इतका माझा चेहरा भीषण असावा. मला प्राचार्यांना फोन करून 'नाही जमत' म्हणायचं होतं आणि ते वाक्य मी मनात घोळवत होते. त्या एकतीस जणांतली काही मुलं रिक्षावाल्यांची, काही मानखुर्दहून येणारी. घरी संगणक नाही, तो कॉलेजातच भेटायचा. आता तिथेही नाही भेटणार, आणि ते माझ्यामुळे. मला माझीच लाज वाटत होती.

तेवढ्यात सासरे येऊन शेजारी बसले. ते मूळचे मालवणकडचे, आयुष्यभर गिरणीत साचे, म्हणजे कापडाचे माग, चालवलेले. अजूनही पंखा कुरकुरला तर आधी ते उठतात.

"काय गो, बंद पडला?"

"चालूच होत नाही, बाबा."

"खयपर्यंत चलता?"

"म्हणजे?"

"साचो बंद पडलो की आधी काय बरा चलता ता बघूचा. मगे काय बिघाडला ता."

सकाळपासून मी नेमकं उलटं करत होते. काय बिघडलंय तेवढंच बघायचं आणि चिडायचं. मग आम्ही दोघं क्रमाने तपासत बसलो. कंपायलर सापडतो? सापडतो. माझा प्रोग्राम त्याला वाचता येतो? येतो. कंपायलरचं काम टप्प्याटप्प्याने होतं. नुसता पहिला टप्पा करायला सांगितला, तर तो बिनबोभाट झाला! दुसऱ्यापासून अडत होता. मी चूक दाखवणारा तो संदेश पुन्हा पडद्यावर आणला. सासऱ्यांना इंग्रजी बेताचंच. त्यांनी चष्मा वर केला आणि बोट काचेला टेकवलं.

"ही चार प्रश्नचिन्हा कसली?"

तो संदेश मी तीस वेळा पाहिला होता, वाचला एकदाही नव्हता. फायलीच्या पत्त्यात, जिथे वापरणाऱ्याचं नाव असतं तिथे, ओळीने चार प्रश्नचिन्हं होती. वापरणाऱ्याचं नाव. मी सासऱ्यांकडे पाहिलं.

लॅपटॉप दसऱ्याला आणलेला. त्याच्यावर झेंडूचं फूल, आपट्याचं पान, हळदकुंकू, सगळं यथासांग झालं होतं. आमच्याकडे नवीन काहीही श्री लिहिल्याशिवाय सुरू होत नाही, मग ती शाळेची वही असो की लग्नाच्या पाहुण्यांची यादी. विंडोजने पहिल्याच पडद्यावर नाव विचारलं, तेव्हा मी मराठी कीबोर्ड लावून दिला, कळा दाखवल्या आणि सासऱ्यांनी एका बोटाने सावकाश श, हलन्त, र, वेलांटी अशा चार कळा दाबून 'श्री' लिहिलं. आम्ही टाळ्यासुद्धा वाजवल्या. विंडोजने त्याच नावाचं खातं उघडलं, त्याच नावाचं फोल्डर केलं. कंपायलर आपलं अर्धवट काम घटकाभर त्याच फोल्डरात ठेवायला जात होता. पण हे जुन्या वळणाचं अवजार, त्याला देवनागरी वाचता येईना. चार अक्षरचिन्हांच्या जागी चार प्रश्नचिन्हं मांडून ते बिचारं नसलेल्या पत्त्यावर फिरत होतं.

मी हे समजावून सांगितलं आणि म्हातारबुवांचा चेहरा पडला.

"म्हंजे माझ्यामुळा झाला मां ह्या?"

मला फार वाईट वाटलं. "नाही बाबा. श्री तुम्ही लिहिलात, पण नावाच्या जागी लिहा म्हणून मीच सांगितलं होतं."

"मगे पूस ता."

"काही पुसायचं नाही. त्याला ठेवाठेवीला दुसरी जागा देते."

सी ड्राइव्हवर साध्या इंग्रजी नावाचं एक फोल्डर केलं आणि तात्पुरत्या फायली इथे ठेव म्हणून विंडोजला सांगितलं. खिडकी बंद करून नवीन उघडली. प्रोग्राम दिला. क्षणभर काहीच झालं नाही आणि मग पडद्यावर एक ओळ उमटली.

"चलला?" सासऱ्यांनी विचारलं.

"चाललं!"

त्यांनी ती एकुलती एक ओळ नीट निरखून पाहिली. "ह्याच्यासाठी माशे नाय आणलंस?"

सोमवारी वर्गात पडद्यावर माझा लॅपटॉप दिसत होता आणि मागच्या बाकावर प्राचार्या. प्रोग्राम लिहिला, चालवला, ओळ उमटली. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. मुलांचे चेहरे 'बस, एवढंच?' असे. प्राचार्या उठल्या, "ठीक आहे" एवढंच म्हणाल्या आणि वही मिटून दाराशी गेल्या. त्या "ठीक आहे"वरून विषय वाचला की नाही, ते मला कळेना.

तेवढ्यात तिसऱ्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. "मॅडम, मी करून बघू?"

रविवारपासून त्या लॅपटॉपच्या कळांना मी कोणाला हात लावू दिला नव्हता. तरी मी खुर्ची सोडली. ती बसली आणि पहिलं काम काय केलं, तर माझा सगळा प्रोग्राम पुसून टाकला. तिने स्वतःचं काहीतरी लिहिलं, चालवलं आणि पडदा भरून चुकांची यादी आली. वर्ग खदखदून हसला. दारातल्या प्राचार्याही थांबल्या.

ती मुलगी मात्र हसली नाही, माझ्यासारखी चिडलीही नाही. पुढे वाकून तिने पहिली चूक हळूहळू मोठ्याने वाचायला घेतली, आणि मागच्या बाकांवरून तीन-चार जण उठून तिच्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले.