साठ माणसांचा शेठ

माझ्याकडे साठ माणसं कामाला होती. त्यातली अठ्ठावन्न फक्त मोबाइलमध्ये होती. उरलेली दोन म्हणजे माझी बायको मनीषा आणि मी मल्हारी, नाशिकच्या मखमलाबादचा फूलवाला. हे साठ जण मी कसे जमवले आणि त्यांनी मला कसं मातीत घातलं, ते सांगतो. हसायचं तर खुशाल हसा, मनीषा सोडून सगळे हसून झालेत.

मखमलाबादला आमची अर्धा एकर जमीन आहे. त्यात शेवंती, झेंडू आणि थोडा गुलाब. पंचवटीत एक गाळा आहे, म्हणजे तीन बाजूंना पत्रा आणि चौथ्या बाजूला गिऱ्हाईक. तिथे हार, गजरे, वेण्या, आणि लग्नसराईत नवरदेवाची गाडी सजवून द्यायची. धंद्याचं नाव ‘मनीषा फ्लॉवर्स’. बाईच्या नावाने कर्जाला व्याज कमी पडतं म्हणून सगळे कागद तिच्याच नावावर केले. पाटीवर मात्र मी ठळक अक्षरांत लिहून घेतलं, ‘संचालक : मल्हारी शेठ’. शेठ हा शब्द पेंटरने सुचवला असं मी लोकांना सांगत आलो. पेंटरने फक्त अक्षरामागे किती पैसे पडतील ते सांगितलं होतं.

मनीषाची मागणी एकच होती, गाळ्यावर काचेच्या दाराचा फ्रीज. उन्हाळ्यात सकाळी आणलेला गुलाब दुपारी मान टाकतो, आणि लग्नाची गिऱ्हाइकं येतात संध्याकाळी. ती तो गुलाब बघतात आणि पुढच्या गाळ्यावर जातात. दिवस संपला की राहिलेली फुलं टाकून द्यायची. दोन वर्षं तिने गजऱ्यांचे पैसे बाजूला काढून आमच्या दोघांच्या खात्यात साठवले. “येत्या लग्नसराईच्या आत फ्रीज आणायचा,” ती म्हणायची. “मग मी एक फूल टाकणार नाय.”

मागच्या श्रावणात मुंबई नाक्याजवळच्या एका हॉटेलात उद्योजकांचं शिबिर होतं. प्रवेश फुकट, वर चहा आणि कटलेट. व्याख्याते म्हणाले, छोटा विचार करणारा माणूस छोटाच राहतो. मी दुसरं कटलेट घेतलं. शेवटी सगळ्यांना मोबाइलवर एक सॉफ्टवेअर उतरवून घ्यायला लावलं. हिशोब, गिऱ्हाइकं, कामगारांची हजेरी, सगळं एकाच जागी. पहिला महिना फुकट, पुढे दर महिन्याला पैसे बँकेतून आपोआप जाणार. त्यात प्रश्न होता, कर्मचारी किती? पहिला पर्याय ‘एक ते पाच’. माझं बोट तिथेच गेलं होतं, देवाशपथ. पण शेजारच्या खुर्चीवर अंबडचा एक कारखानदार बसला होता आणि तो माझ्या मोबाइलमध्ये डोकावत होता. बोट खाली सरकत सरकत ‘एक्कावन्न ते शंभर’वर जाऊन थांबलं. “अरे वा, शेठ!” तो म्हणाला. तेवढ्यावर मी आठवडाभर हवेत होतो.

आता सॉफ्टवेअरला त्या माणसांची नावं हवी होती. मग मी साठचा आकडा धरून भरती काढली. मनीषाला मुख्य कार्यकारी केलं. तिच्या माहेरची, देवळ्याची सगळी मंडळी घेतली. माझे चुलते घेतले, शाळेतले सोबती घेतले. तरी साठ भरेनात, तेव्हा वारलेल्या खंडेराव मामांना घेतलं आणि वसुलीवर ठेवलं, कारण हयातीत ते लोकांकडून पैसे काढण्यात पटाईत होते. मग रोज सकाळी मोबाइल वाजायला लागला, ‘आज आपले अठ्ठावन्न कर्मचारी गैरहजर आहेत. कारणे दाखवा नोटीस पाठवायची का?’ मामांना मी कधी पाठवली नाही. मोठ्या माणसाचा मान ठेवला.

हे सगळं चालवायला मी गाळ्यात एक फिरती खुर्ची आणली. मी तिच्यावर बसून आलेख बघायचो. मनीषा खाली पोत्यावर बसून हार ओवायची. मधूनच मी मोबाइल तिच्यापुढे धरायचो. “चांगलंय,” ती म्हणायची. “जरा त्या फुलांवर पाणी मारता का?” मला वाटायचं, हिला धंद्यातलं कळत नाही.

गणपतीच्या गर्दीत त्या सूचनांचा वैताग आला आणि मी ते ॲप मोबाइलमधून उडवून टाकलं. डोळ्यांसमोरून गेलं म्हणजे संपलं, अशी माझी समजूत. पैसे मात्र जातच राहिले. कापायच्या आधी बँकेचा मेसेजही यायचा, पण तो इंग्रजीत असायचा आणि मी ‘डियर’ एवढं वाचून, कोणीतरी शुभेच्छा दिल्या असतील म्हणून सोडून द्यायचो.

दिवाळीनंतर मनीषाने पासबुक भरून आणलं. “अहो, हे दर महिन्याला कोण खातंय?”

“ते सॉफ्टवेअर.”

“ते तर तुम्ही उडवलं ना?”

“मोबाइलमधून उडवलं.”

“मग बँकेतून कोण उडवणार? आजच्या आज बंद करा.”

ॲप पुन्हा उतरवून घेतलं आणि बंद करायचं बटण शोधायला बसलो. सुरू करायचं बटण मोठं, हिरवं, प्रत्येक पानावर होतं. बंद करायचं कुठेच नव्हतं. एका कोपऱ्यात फक्त एवढंच लिहिलं होतं, ‘आमच्या प्रतिनिधीशी बोला’. फोन लावला. पलीकडे समर्थ नावाचा मुलगा होता. मी अगदी कडक आवाजात सांगितलं, सॉफ्टवेअर बंद करायचंय.

“सर,” तो म्हणाला, “साठ जणांची टीम सांभाळणारी माणसं नाशिकमध्ये आहेत किती? तुमच्यासारखे लीडर सोडून गेले तर आम्ही शिकायचं कोणाकडून?”

आता असं कोणी विचारलं तर माणसाने करायचं काय? “तसं नाही रे समर्थ, पण,” एवढंच मी म्हणालो, आणि त्याने त्या ‘पण’ला धरलं ते सोडलंच नाही. वर्षाची गोल्ड योजना, खास माझ्यासाठी निम्म्या किमतीत, पंधरा दिवसांत आवडली नाही तर पैसे परत. तसं त्याने व्हॉट्सॲपवर लिहूनही पाठवलं. ओटीपी आला, मी टाकला. बंद करायला गेलेला मी वर्षभराचं घेऊन बसलो होतो. फ्रीजच्या पैशातले बत्तीस हजार गेले.

“झालं बंद?” मनीषाने विचारलं.

“झालंच समज,” मी म्हणालो.

आठ दिवसांनी ती मला घेऊन शालिमारला फ्रीजच्या दुकानात गेली. फ्रीज तिने आधीच बघून ठेवला होता. दार उघडून आत हात घातला, फळ्यांमधलं अंतर बोटांनी मापलं, कुठल्या फळीवर गुलाब आणि कुठे जरबेरा ते दुकानदाराला समजावून सांगितलं. मी तेव्हा तोंड उघडायला हवं होतं. मी दुकानातले पंखे बघत उभा राहिलो. तिने पैसे द्यायला मोबाइल धरला आणि तो दोनदा म्हणाला, शिल्लक अपुरी. तिने एकदा माझ्याकडे बघितलं. मग दुकानदाराला हसून म्हणाली, “नेटवर्क नसंल. पुढच्या आठवड्यात येते.” रिक्षात मी तिला सगळं सांगितलं. गाळ्याशी उतरून ती सरळ पोत्यावर बसली आणि हार ओवायला लागली. शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. त्या दिवशी मला माझी खरोखर लाज वाटली.

पंधरा दिवस अजून संपायचे होते. मी लगेच मेल केला, सॉफ्टवेअर नको, पैसे परत करा. उत्तर आलं. परतीची सोय फक्त पन्नासपेक्षा कमी कर्मचारी असलेल्या छोट्या व्यावसायिकांना आहे, आपली संस्था साठ कर्मचाऱ्यांची असल्याने ती लागू नाही. शिवाय आपण ही सेवा व्यापारी हेतूने घेतल्यामुळे कायद्याने आपण ग्राहकच ठरत नाही. आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी मला लेखी मोठा माणूस म्हटलं होतं, आणि मला ते वाचवत नव्हतं.

मनीषा दोन दिवसांनी माझ्याशी बोलली. कुठल्या तरी गिऱ्हाइकाकडून तिने माहिती काढली होती. कॉलेज रोडला एका वाचनालयाच्या मागच्या खोलीत शनिवारी ग्राहकांना फुकट सल्ला देतात. “चला,” ती म्हणाली. “आणि तिथं शेठपणा करू नका.”

तिथे मंजुषाताई म्हणून निवृत्त वकील बसतात. त्यांनी सगळे मेल आणि समर्थचा तो मेसेज शांतपणे वाचला. मग कर्मचाऱ्यांची नावं वाचायला लागल्या.

“हे खंडेराव कोण?”

“मामा. वारले.”

“कधी?”

“भरतीच्या आधी.”

त्यांनी चष्मा काढून पुसला. मग माझी शाळा घेतली. ॲप उडवलं म्हणजे वर्गणी बंद होत नाही, तेव्हा ते महिने विसरा, ती चूक तुमची. आधी बँकेत जाऊन आपोआप पैसे कापायची परवानगी रद्द करा. पण घ्यायला एक बटण आणि सोडायला प्रतिनिधी, ही अडकवायची रीत झाली, आणि ती अनुचित आहे असं सरकारी नियमांतच लिहिलंय. बंद करायला फोन करणाऱ्याच्या गळ्यात मोठी योजना मारायची आणि वर लेखी दिलेला शब्द फिरवायचा, याचा जाब विचारता येतो.

“पण आम्ही ग्राहकच नाही म्हणतात ना?” मनीषाने विचारलं.

“ते अर्धंच खरं आहे. नफ्यासाठी मोठा व्यापार करणारा वेगळा. पोटापाण्यासाठी जो स्वतः राबतो, त्याला तसा व्यापारी म्हणता येत नाही. मदतीला एक-दोन माणसं असली तरी बिघडत नाही. पण ते मांडावं लागेल, आणि खरं मांडावं लागेल.”

म्हणजे मी शेठ नाही हे मीच लिहून द्यायचं. पाटीवरचं एकेक ठळक अक्षर माझ्या डोळ्यांपुढे आलं. शेजारी मनीषा पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसली होती. मी खुर्ची पुढे ओढली आणि म्हणालो, “लिहा ताई. मी मल्हारी, स्वतः राबून धंदा करणारा,”

“थांबा.” ताई कागद बघत होत्या. “धंदा तर यांच्या नावावर आहे. तक्रारदार मनीषाताई. तुम्ही सांगा हो, रोज काय काम करता?”

मनीषा आधी बिचकली. मग सांगत गेली. “पहाटे तोडणी. उजाडायच्या आत पंचवटीत. मग हारच हार. लग्नाच्या दिवसांत दोऱ्यानं बोटं कापतात, म्हणून चिकटपट्टी लावून ओवते. गाडी सजवायला मीच जाते. दुपारी उधारी मागायला पण मीच. संध्याकाळी राहिलेली फुलं टाकते.” ती थांबली. “ते टाकायचं लय जिवावर येतं बघा.”

मी शेजारी बसून ऐकत होतो. हे सगळं रोज माझ्यासमोर चालत होतं, आणि मला ते ऐकताना नवीन वाटत होतं.

“आणि हे काय करतात?” ताईंनी पेन माझ्याकडे केलं.

मनीषाने माझ्याकडे बघितलं. मी मनातल्या मनात तिला शब्द पुरवत होतो. व्यवस्थापन म्हण. नियोजन म्हण. निदान देखरेख तरी म्हण.

“हे मदतीला असतात,” ती म्हणाली. ताई लिहायला लागल्या. खरं मांडायचंय हे आठवून तिने प्रामाणिकपणे पुढे जोडलं, “कधीमधी.”

“पगार?”

“नाय. जेवूनखाऊन.”

ताईंनी तेही लिहिलं. मग माझ्याकडून वेगळं लिहून घेतलं, की ही अठ्ठावन्न माणसं कधीच कामाला नव्हती, त्यांची नावं मी मोठेपणापायी भरली. मी सही केली.

नोटीस गेली, ग्राहक हेल्पलाइनवर तक्रारही नोंदवली. सुरुवातीला कंपनीने बरीच टोलवाटोलवी केली. मग नोटिशीला उत्तर द्यायची मुदत संपायच्या आत गोल्ड योजनेचे सगळे पैसे परत आले. आधीच्या महिन्यांचे आले नाहीत, ते माझ्या ‘डियर’च्या खात्यावर गेले. मेल मनीषाच्या नावाने होता. त्यात तिला मॅडम म्हटलं होतं. तिने तो अर्धा वाचला आणि शालिमारच्या दुकानात फोन लावला.

फ्रीज आला तेव्हा तो ठेवायला गाळ्यात फिरती खुर्ची काढावी लागली. आता मला बसायला पोतंच उरलं, आणि पोत्यावर बसून आलेख बघता येत नाहीत. मी सुई हातात घेतली. हार ओवणं मी लग्नाच्या आधी आईकडून शिकलो होतो, पण हात ते साफ विसरले होते. माझा पहिला हार मनीषाने उसवला. “फुलं एका अंगाला गेलीत,” एवढंच म्हणाली. दुसरा उसवला, तिसरा उसवला. रागाने नाही, चुकलेला होता म्हणून.

परवा मोठी लग्नतीथ होती. संध्याकाळी एका नवरीचा भाऊ घाईने आला. फ्रीजमधले गुलाब ताजे होते, पण तयार हार संपले होते. माझ्या हातात एक होता. मनीषाने तो घेतला, उलटासुलटा केला, उजेडात धरला, क्षणभर विचार केला आणि त्याच्या हातात दिला. मी त्या पोराच्या मागे गाडीपर्यंत गेलो. दार उघडून द्यायला, असं म्हणालो. खरं म्हणजे मला तो हार अजून जरा वेळ बघायचा होता. इतका आनंद मला ‘अरे वा, शेठ’ ऐकूनही झाला नव्हता.

परत आलो तेव्हा मनीषाने दोरा ओवलेली सुई माझ्या जागेवर ठेवली होती.